सर्जेरावांची ट्रायल

लांबच्या प्रवासाची मोटारसायकल मी तिच्यावर बसून न बघताच घेतली. मोबाईलवरच्या फोटोत ती माझ्या मापाची दिसत होती. पण फोटोत मीही बऱ्यापैकी उंच दिसतो. प्रत्यक्षात पाच फूट दोन इंच.

पहिल्याच दिवशी शिर्डीत पेट्रोल पंपावर थांबलो. डावा पाय खाली सोडला, तर जमीन असायला हवी तिथे नव्हती. मी, गाडी आणि मागे बसलेली बायको, तिघंही सावकाश आडवे झालो. बायको उठली, साडी झटकली आणि रिक्षाने घरी गेली. जाताना म्हणाली, "तुमचे पाय टेकेपर्यंत मी मागे बसायची नाही." आमची भंडारदऱ्याची सहल पंपावरच संपली.

कुणीतरी सांगितलं, कोपरगावला सर्जेराव सीटवाल्यांकडे जा.

सर्जेराव साठीचे आणि स्वतः चांगले सहा फूट. दुकानाच्या फरशीवर ते खडूची भुकटी पसरतात, त्यावर गाडी उभी करतात आणि गिऱ्हाइकाला अनवाणी बसवतात. मग उकिडवे बसून भुकटीतले ठसे वाचतात. माझे बघून म्हणाले, "हे मानसाचे हायेत का चिमनीचे?"

मी म्हटलं, शॉकअप खाली घेऊन गाडीच बुटकी करा की. त्यांनी कानाला हात लावले. "घाटात पोट घासंल तिचं! गाडी उंच न्हाई, सीट आडमुठी हाय." सीट पुढून निमुळती केली की पाय फाकत नाहीत, सरळ खाली जातात, हे मला तेव्हा कळलं. पण फोम ते एका वेळी बोटभरही कापत नाहीत. "फोम कापता येतो मालक, उगवत न्हाई."

कापलं की ट्रायल, आणि ट्रायलला मागे सर्जेराव बसणार. "मागं वजन पडल्याबिगर सीटचं खरंखोटं कळत न्हाई." पहिल्या वेळी गोदावरीच्या पुलापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत. तिसऱ्या वेळी माझे दोन्ही चवडे झकास टेकले. मी नाचायचा बाकी राहिलो. सर्जेराव मात्र मान हलवत म्हणाले, "जरासं राह्यलंय. रविवारी या."

रविवारी गेलो तर दुकान बंद आणि शटरबाहेर सर्जेराव उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, डोळ्यांवर गॉगल, हातात रुमालात बांधलेला डबा. कात्री कुठेच दिसेना.

"आज लांबची ट्रायल," ते म्हणाले.

शिर्डी मागे टाकून संगमनेरच्या रस्त्याला लागलो. एका लिंबाखाली त्यांनी डबा सोडला. भाकरी मोडता मोडता मी विचारलं, "सर्जेराव, सीट झालीये ना?"

ते गॉगल पुसत राहिले. "मागल्या बारीलाच झाली." मग म्हणाले, "माझ्या सीटवर बसून मानसं पार लडाखला जात्यात. फोटू धाडत्यात. मला गाडी चालवायचं लई भ्या वाटतं. आन् 'सर्जेराव, मागं बसा' असं कुनी म्हनत न्हाई."

मी डब्यातल्या ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याचंच, असं त्यांना सांगितलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "सीट तयार आहे. पुढच्या रविवारी आपण दोघं भंडारदऱ्याला!"



"आधी त्यांना नेऊन आणा," ती म्हणाली. "तुमच्या मागे बसायची हौस असलेला जगात तेवढा एकच माणूस आहे."