घरी आहे

धाकटी शाळेतून आली ती पाठीवरचं दप्तर न काढताच आईच्या शिलाई मशीनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, नाटकात सगळ्यात जास्त काम मला मिळालंय."

"राणीचं?" आईचा पाय पायडलवर चालूच होता.

"नाही. सामानाचं."

मशीन थांबलं.

"बाईंनी विचारलं, मुकुट कोणाच्या घरी आहे? कोणीच हात वर केला नाही. मग मी केला. मग त्यांनी विचारलं, सिंहासन? मग राजाची दाढी. मग घोडा. मग राजवाड्याचं दार."

"आणि तू दर वेळी हात वर केलास?"

"नाही गं. दाढीपासून पुढे खाली घेतलाच नाही."

खिडकीशी गणितं सोडवत बसलेल्या मोठीने पेन्सिल खाली ठेवली. मोठी अकरा वर्षांची होती. बाबा छापखान्यात कामाला असल्यामुळे या घरातल्या वह्या बिघडलेल्या छपाईच्या कागदांच्या असत आणि तिच्या प्रत्येक गणिताच्या पाठीमागे 'वापरण्यापूर्वी बाटली हलवावी' असं लिहिलेलं असे. आपल्याच वह्या अशा का, दुसऱ्यांच्या का नाहीत, हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. धाकटी सात वर्षांची होती. तिला अजून काही कळलं नव्हतं, आणि त्याला कारण आईच होती.

बाबांचा पगार महिन्याच्या विसाव्या तारखेपर्यंत पुरायचा आणि पुढचे दहा दिवस आई पुरवायची. उशांचे अभ्रे शिवून द्यायची, तेवढी वरकमाई. पण 'परवडत नाही' हे शब्द तिने मुलींसमोर कधी उच्चारले नाहीत. दुकानात धाकटीने कशावरही बोट ठेवलं की आई ती वस्तू नीट निरखून बघायची, विकत घेणाऱ्या बाईसारखी दोनदा उलटीपालटी करायची आणि म्हणायची, "चांगली आहे. पण घरी आहे." मग दोन दिवसांनी घरात ती वस्तू निघायचीच. बाहुलीचं घर निघालं, ते बुटांच्या खोक्याचं होतं. रंगीत ठोकळे निघाले, ते रिकाम्या रिळांचे होते. दुकानातल्यापेक्षा घरचं जरा वेगळं असतं एवढंच धाकटीला ठाऊक होतं. आपल्या घरी जगातलं सगळं आहे, फक्त शोधायला आईला वेळ लागतो, अशी तिची पक्की समजूत होती.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले, "उद्या शाळेत जाऊन सांगून ये, पोर चुकून बोलली म्हणून."

"चुकून कुठे बोलली? मी सांगितलं तेच बोलली."

"अगं, पण दार? आणि घोडा?"

"तो राजा होणारी मुलगी आहे ना, डॉक्टरांची, ती म्हणाली, नाही आणलंस तर तू खोटारडी," धाकटी मध्येच म्हणाली. तिला त्याची काळजी नव्हती, ती फक्त बातमी देत होती. "मी म्हटलं, शनिवारी बघ."

आईने बाबांकडे पाहिलं. धाकटी हात धुवायला गेल्यावर हळूच म्हणाली, "एकदा नाही म्हटलं ना, की मागचंही सगळं जाईल. बाहुलीचं घर बुटाचं खोकं होईल." मग तिने उभं राहून खोलीभर नजर फिरवली. मोठीला ती नजर ओळखीची होती. महिन्याच्या एकवीस तारखेला आई डब्यांकडे अशीच बघायची.

मुकुट त्याच दिवशी झाला. जाळी फाटलेल्या चाळणीचं कडं, त्यावर चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद, आणि रत्नं म्हणून डब्यातली बटणं. सिंहासन म्हणजे एका हाताची खुर्ची. नसलेल्या हाताच्या जागी लोड आला आणि सगळ्यावर खिडकीचा तांबडा पडदा.

घोडा खरोखरच घरी होता. माळ्यावरचं काढायला बाबा ज्या चारपायी लाकडी शिडीवर चढत, तिला सगळे घोडाच म्हणत. बाईंनी "घोडा?" म्हटल्यावर धाकटीने हात वर केला तो पूर्ण सत्याला धरून होता. प्रश्न फक्त तोंडाचा उरला होता. बाबांचा पावसाळी बूट आईने उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर बांधून टाकला. बुटाचा तळ पुढून उचकटलेला असल्यामुळे घोडा मधूनमधून हसायचाही.

"आणि मी काय घालू?" बाबांनी विचारलं.

"चपला आहेत की. शनिवारपर्यंतचाच प्रश्न आहे."

दाढीने मात्र घोळ घातला. कापूस उशीतून निघाला, तो चिकटवायला कणकेची खळ शिजली, आणि दाढी कशी बसते ते बघायला शुक्रवारी संध्याकाळी बाबांना स्टुलावर बसवण्यात आलं.

"सुकेपर्यंत तोंड हलवू नका," आई म्हणाली आणि खाली सुतळी आणायला गेली. तेवढ्यात दारावर थाप पडली.

बाबांनी दार उघडलं. बाहेर घरमालक उभे होते. मालक खालच्या मजल्यावर राहत. माणूस वाईट नव्हता, पण नळ गळतो म्हणा, छत पाझरतं म्हणा, त्यांचं उत्तर एकच असे: "बघू." मुली त्यांना आपापसात बघूकाका म्हणत. न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्या तुटून चार महिने झाले होते आणि मालक चार महिने बघत होते. तोवर घरात सुटं दार उचलून लावायचं आणि आत गेलेल्याने गाणं म्हणत राहायचं अशी पद्धत पडली होती. बाबांना तर आता पाण्याच्या आवाजानेही सूर फुटायचा.

छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र दाढीकडे पाहून मालक दोन पावलं मागे सरले. "आजोबा, आपण कोण?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोलत नाही का तुम्ही?"

बाबांनी मान हलवली.

"इथे राहायला आलात?"

बाबा दहा वर्षं तिथेच राहत होते. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मालकांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. पडदे उतरलेले, लोड बांधलेले, खुर्ची उपडी. ते आल्या पावली खाली गेले.

रात्रीच्या जेवणाआधी दाढी निघाली, पण बाबांच्या मिशीचा डावा कोपरा घेऊन निघाली. मग आईने खळीचा नाद सोडला आणि कापूस मलमलच्या पट्टीवर टाचून तिला जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक लावलं. खूप वर्षांनी, आईचं कपाट आवरायची वेळ आली तेव्हा मोठीला ती दाढी सापडली. घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. वर चिठ्ठी होती: 'राजा. चालू स्थितीत.'

शनिवारी सकाळी बाबांनी छापखान्याची हातगाडी आणली. गाडीवर सिंहासन, घोडा, मुकुटाची पिशवी आणि सगळ्यावर आडवं न्हाणीघराचं दार. राजवाड्याच्या दाराचा प्रश्न आईने असा सोडवला होता: जे निघालेलंच आहे ते न्यायचं. एका बाजूला सोनेरी शाईत बिघडलेले कागद चिकटवले होते. दुरून नक्षी वाटायची, जवळून 'थंड जागी ठेवावे'. पुढे बाबा गाडी ओढत होते, मागे आई आणि मोठी दार धरून चालत होत्या, आणि सर्वांच्या पुढे, जणू वाट मोकळी करायला, धाकटी.

कोपऱ्यावर मागून हाक आली. "ओ वहिनी. अहो वहिनी, थांबा जरा."

मालक घरातल्या सपाता घालूनच धावत येत होते. "हे काय? न सांगता निघालात? दहा वर्षांत कधी एका दिवसाने भाडं चुकलं नाही तुमचं, असे भाडेकरू मी कुठून आणू? आणि ती खोली परस्पर त्या मुक्या म्हाताऱ्याला दिलीत?"

"कोणत्या म्हाताऱ्याला?"

"दाढीवाल्या. आणि हे, हे माझं दार ना?"

आईला अकरा वाजता शाळेत पोहोचायचं होतं आणि पावणेअकरा झाले होते. तिने गाडी थांबवली नाही.

"वहिनी, घर सोडताय की नाही, तेवढं तरी सांगा."

"बघू," आई म्हणाली.

मोठीला हसू आवरेना म्हणून तिने तोंड दाराआड लपवलं. मालक मात्र जागीच थबकले. तो शब्द त्यांनी हजारदा म्हटला असेल, त्यांना कोणी म्हटलेला बहुधा पहिल्यांदाच. दाराच्या मोकळ्या कोपऱ्यावर हात ठेवून ते गाडीबरोबर चालू लागले.

शाळेत मुकुट पोहोचला, सिंहासन पोहोचलं, घोड्याने मंचावर पाय ठेवताच पहिल्या रांगेकडे बघून हसून घेतलं. मग दार उभं करायची वेळ आली आणि आईच्या लक्षात आलं की घरी ते भिंतीला टेकलेलं असतं. इथे मंचाच्या मधोमध भिंत नव्हती.

आईचा चेहरा उतरलेला मोठीने आयुष्यात फार कमी वेळा पाहिला. त्यातली ही एक. बाबा पडदा ओढायला लागले होते, बाई मुलांना रांगेत लावत होत्या. कमरेवर हात ठेवून डॉक्टरांची मुलगी धाकटीला विचारत होती, "दार पडणार ना तुमचं?"

"नाही पडणार," धाकटी म्हणाली आणि तिने आईकडे पाहिलं.

आईने मालकांकडे पाहिलं. त्यांनी दाराचा कोपरा अजून सोडला नव्हता.

"मालक, जरा मागून धरता का? पडलं तर फुटेल. तुमचंच आहे."

"मी? अहो वहिनी, मी इथे..."

"आत कोणी येताना उघडायचं, गेलं की लावायचं. तुम्ही कोणाला दिसणार नाही."

नाटक झोप न येणाऱ्या राजाचं होतं. त्याला झोपवायला वैद्य येतो, गवई येतो, पहारेकरी दोनदा येतात, सरदार घोड्यावरून येतो, आणखीही कोण कोण येतात. हे सगळे दारातूनच येतात आणि दारातूनच जातात. चाळीस मिनिटांत मालकांनी ते दार बावीस वेळा उचललं आणि बावीस वेळा टेकवलं. मोठी बाजूच्या कापडाआडून बघत होती. पाचव्या वेळी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. बाराव्या वेळी ते पुटपुटले, "हे असं रोज उचलता तुम्ही?"

"दिवसातून वीसेक वेळा," आई म्हणाली. "पाहुणे असले की जास्त."

"आणि पोरी?"

"मोठी उचलते. धाकटीला आम्ही लावून देतो."

शेवटच्या प्रवेशात राजा दार लावून घ्यायला सांगतो आणि एकदाचा झोपतो. दार लागलं तेव्हा मागून इतका मनापासूनचा सुस्कारा ऐकू आला की सगळ्या सभागृहाला तो राजाचाच वाटला आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

पडदा पडल्यावर डॉक्टरांची मुलगी दाढी कुरवाळत धाकटीजवळ आली. "ही कुठल्या दुकानात मिळते?"

"दुकानात नाही मिळत," धाकटी म्हणाली. "घरी असते."

बाई आईचे हात धरून म्हणाल्या, "एवढं सगळं तुमच्याकडे होतं? पुढच्या वर्षी जंगलाचं नाटक घ्यायचं मनात आहे. पण हत्ती कुठून आणायचा?"

धाकटीचा हात वर निघाला. आईने तो वाटेतच पकडून आपल्या हातात घेतला. "बघू," ती म्हणाली.

घरी येताना हातगाडी मालकांनी ओढली. बाबांना हात लावू दिला नाही. वाटेत धाकटीने विचारलं, "आई, मुकुट आपल्याकडे होता तर मला आधी कधी कसा दिसला नाही?"

"होता. सुटा सुटा होता."

धाकटीला ते पटलं. मोठीलाही पटलं, आणि याचं तिला नवल वाटलं. दोन वर्षं ती आईची ही लबाडी सांभाळून घेत होती. त्यात लबाडी नव्हतीच, हे तिच्या आज लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक सुताराला घेऊन आले. नव्या बिजागऱ्या बसल्या, आतून नवी कडी बसली. मालकांनी दार एका बोटाने उघडून पाहिलं, एका बोटाने लावून पाहिलं, आणि बराच वेळ तेच करत राहिले. मग बाबा आत गेले, कडी लावली, आणि सवयीने गाऊ लागले.

सुताराने जुन्या, गंजलेल्या बिजागऱ्या हातात घेतल्या. "या टाकून देऊ ना ताई?"

"आणा इकडे," आई म्हणाली.

तिने त्या दोन्ही तळहातावर घेतल्या आणि बोटांनी उघडमिट करून पाहिल्या. उघडल्या की कानांसारख्या पसरायच्या, मिटल्या की मागे जायच्या. आई मग हळूच वळून पलंगावरच्या करड्या गोधडीकडे बघू लागली, आणि गोधडीवरून तिची नजर पाणी भरायच्या नळीवर गेली.

मोठीने गणिताची वही मिटली. हत्ती घरी होता.