रोह्याचं घड्याळ आणि टिटवीचे पाय

एका जंगलात एक टिटवी राहत होती, आणि तिचं कुणी खरं मानत नव्हतं. पोरांनो, गोष्ट खरं तर एवढीच आहे. पुढचं सांगते ते तुम्ही मांडी घालून बसलाच आहात म्हणून.

टिटवीचं नाव कोंडाबाई. तोंडाने फाटकी. नदीकाठच्या दगडगोट्यांत तिचं घर. साप आला की ओरडायची. मुंगूस आलं की ओरडायची. दर वेळी साप असायचा, मुंगूस असायचं. तरी जंगल म्हणायचं, "अपशकुनी मेली. हिला ओरडायची खोडच आहे." साप कुणी पाहायचं नाही. ओरडणं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

नदीच्या अलीकडे गवत खाणाऱ्यांचं राज्य होतं. राजा होता रोही, म्हणजे नीलगाईंमधला नर. अंगाने घोड्याएवढा, अकलेने... जाऊ द्या, राजा होता. पलीकडच्या काठावर वाघ राहायचा. पावसाळा सरला की नदीचा एकच डोह उरायचा, आणि तो दोन्ही काठांना लागायचा.

म्हणून जुन्या जाणत्यांनी पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. डोहाशेजारी एक काळा खडक होता. उजाडल्यापासून त्या खडकावर ऊन पडेपर्यंत पाणी वाघाचं. ऊन पडलं की वाघ उठायचा, मिशा चाटायचा आणि नदी ओलांडून चालता व्हायचा. मग चितळं यायची. दुसऱ्याच्या पाळीत जो डोहावर येईल, तो त्या दुसऱ्याचा. वाघाने हा नियम कधी मोडला नाही. वाघ नियम मोडत नाहीत, पोरांनो. त्यांना गरजच पडत नाही.

मग जंगलात घड्याळ आलं.

कुण्या साहेबाच्या बंगल्यातून राजाच्या वानर कारभाऱ्याने ते पळवून आणलं आणि मोहाच्या झाडाला टांगलं. खडकावर ऊन पडायचं तेव्हा त्यात सात वाजायचे. कारभाऱ्याने लिहून काढलं, "सातपर्यंत वाघ. सात ते आठ चितळ." इथपर्यंत काही बिघडलं नाही. घड्याळ अजून खडकाचं ऐकत होतं.

बिघडलं ते करकोच्यामुळे. डॉक्टर लांबमाने त्याचं नाव. थंडीत यायचा, होळी झाली की आपल्या देशाला परत जायचा. देश वायव्येला, फार लांब. तिथून येणाऱ्याला आपल्याकडे न विचारता हुशार समजतात.

जायच्या दिवशी सकाळी त्याने भर सभेत भाषण केलं. कारभाऱ्याच्या हातात एक कवठ दिलं आणि म्हणाला, "ही पृथ्वी. फिरवा. बघा, या बाजूला ऊन आहे तर त्या बाजूला अंधार. म्हणून देशोदेशीची वेळ वेगळी. मी इथे न्याहारी करतो तेव्हा माझ्या देशातली मंडळी अजून झोपलेली असतात."

"वा!" राजा म्हणाला. "मग आपली वेळ कुठली?"

"पलीकडच्या काठाची जी, तीच आपली," कारभारी म्हणाला.

राजाचे कान उभे राहिले. "म्हणजे वाघाची? राज्य आपलं स्वतंत्र, आणि वेळ वाघाची?"

सभेला एकदम लाज वाटली. तोवर कुणाला वाटली नव्हती.

"त्यावर उपाय आहे," लांबमाने म्हणाला. "आमच्याकडे उन्हाळा लागला की घड्याळ एक तास पुढे करतात. सगळे तासभर आधी उठतात. उजेड वाचतो."

"वाचलेला तास ठेवायचा कुठे?" रानडुकराने विचारलं.

"गुहेत," राजा म्हणाला. "आणि दारात साळिंदराचा पहारा."

टाळ्या पडल्या. त्यातच कोंडाबाईचा आवाज आला.

"ओ डॉक्टर, तुमच्याकडे उन्हाळ्यात दिवस केवढा असतो?"

"सोळा तासांचा. कधी सतरा."

"आमच्याकडे तेरा. तुमच्याकडे उजेड उतू जातो, तुम्ही वाचवा. आमच्याकडे चैत्रात ऊन वाचवत नाहीत, बाबा. उन्हापासून स्वतःला वाचवतात."

मागे दोन सशांनी हसून घेतलं. कोंडाबाई थांबली नाही.

"आणि दुसरं. घड्याळाचा काटा तुम्ही फिरवाल. खडक कोण फिरवणार? वाघाला कोण सांगणार?"

"आपल्या राज्याचे हुकूम परराज्याला कळवायचे नसतात," कारभारी म्हणाला.

"अरे मेल्या, मग चितळं तुमच्या सातला डोहावर जातील तेव्हा वाघ तिथेच पाणी पीत असेल!"

चितळांचे म्होरके नानाजी उठले. शिंगं मोठी, छाती पुढे. "कोंडाबाई, तुमच्या ओरडण्यापायी आम्ही आजवर किती वेळा धावलो, हिशेब आहे?"

"आणि किती वेळा जिवंत राहिलात, त्याचा आहे का?"

"शुभ कामात अपशकुन नको," नानाजी म्हणाले आणि खाली बसले. हुकूम निघाला. जे चितळ नव्या सातच्या हजेरीला नसेल, त्याची पाळी उन्हाळाभर बंद. दुपारी लांबमाने उडून गेला. सल्ला देणाऱ्याला पंख असले की बरं पडतं.

संध्याकाळी रखमा चितळीण कोंडाबाईकडे आली. आठ दिवसांचं पाडस पोटाशी होतं.

"मावशी, खरंच वाघ असेल का गं?"

"मी खोटं बोलते असं वाटतं तर आलीस कशाला?"

"नाही गेले तर पाळी जाईल. पाणी नाही तर दूध नाही. आणि हा बघ, अजून पायावर नीट उभा राहत नाही."

"आणि गेलीस तर?"

"सगळे जाणार आहेत, मावशी."

"सगळे आले म्हणून वाघ लाजणार आहे का गं?"

रखमा रडायला लागली. कोंडाबाईला रडणं चालत नसे. ती म्हणाली, "गप. ऐक. करवंदीच्या जाळीत लप. खडकावर ऊन दिसेपर्यंत खूरसुद्धा बाहेर काढायचा नाही. हजेरीला निरोप पाठव, पोराला जुलाब झालेत. आजाऱ्याला तासाची सवलत आहे हुकुमात. मी शेवटपर्यंत ऐकलाय हुकूम. तुम्ही तेव्हा टाळ्या पिटत होतात."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला मोहाच्या झाडावर सात वाजले. कारभाऱ्याने हजेरी घेतली. चितळं रांगेत उभी राहिली. नानाजी सगळ्यांत पुढे. रखमाच्या नावापुढे "जुलाब" लिहिलं गेलं.

रांग डोहाकडे निघाली. कोंडाबाई डोक्यांवरून घिरट्या घालत ओरडत सुटली, "थांबा! वाघ आहे! डोहावर वाघ आहे!"

"सात वाजलेत," नानाजी वर न बघता म्हणाले. "सातनंतर वाघ नसतो."

"अहो, बघा तरी एकदा!"

"त्यात बघायचं काय? लिहिलेलं आहे."

हे नानाजींचं शेवटचं बोलणं. बिचारे शिस्तीचे होते, शिस्तीतच गेले. वाघालाही दोन क्षण कळेना की हे ताट असं स्वतःच्या पायांनी का चालत आलं. पण समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये, हे त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं.

बाकीची चितळं वाट फुटेल तिकडे पळाली. रखमा जाळीत पाडसावर मान टाकून पडून होती. तासाभराने काळ्या खडकावर ऊन आलं. वाघ उठला, मिशा चाटल्या, गेला. रखमा बाहेर आली, पोटभर पाणी प्यायली, आणि पाडस तिला लुचू लागलं.

दुपारी चौकशी बसली. राजा मधे, कारभारी उजवीकडे दप्तर घेऊन. पहिला प्रश्न वाघाला, नदीच्या अलीकडूनच, आणि फार अदबीने.

"वाघसाहेब, आपण सातनंतर डोहावर कसे?"

"माझ्याकडे घड्याळ नाही," वाघ पलीकडून म्हणाला. "माझ्याकडे खडक आहे. खडकावर ऊन नव्हतं. पाळी माझी होती."

"अगदी बरोबर," राजा म्हणाला. "तसदीबद्दल माफी असावी."

मग घड्याळ तपासलं. चालू होतं. हुकूम तपासला. शिक्का होता. लांबमाने तर चार नद्यांपलीकडे पोचला असेल. गुहेतला तास जागेवर आहे, असं साळिंदराने शपथेवर सांगितलं.

"मग चूक कुणाची?" राजाने विचारलं.

कारभारी बराच वेळ डोकं खाजवत होता. एकदम त्याने उडी मारली. "महाराज! कालपर्यंत खडकावर ऊन सातला यायचं. आज आठला आलं. म्हणजे सूर्य तासभर उशिरा उगवला!"

सभेच्या अंगावर काटा आला.

"सूर्याला कुणी अडवलं?" राजा ओरडला.

मग एक म्हातारी सांबरीण हळूच म्हणाली, "माझी आजी सांगायची, टिटवी पाय वर करून झोपते. आभाळ पायांवर तोलून धरते."

सगळ्या माना कोंडाबाईकडे वळल्या.

कोंडाबाई आधी हसली. मग तिला असा संताप आला की पिसं फुलली. "हो का? हो, मीच! मीच धरलं आभाळ पायांनी. सूर्याला म्हटलं, थांब रे, आधी आमच्या नानाजींना वाघाने खाऊ दे, मग उगव. अजून काय काय लिहिताय? परवा चंद्र वाकडा उगवला, तोही मीच वाकवला! लिहा!"

कारभाऱ्याने दप्तर उघडलं.

"लिहा," राजा म्हणाला. "गुन्हा कबूल."

असं पाहा, पोरांनो. साप सांगितला, खोटा वाटला. वाघ सांगितला, खोटा वाटला. जन्मात पहिल्यांदा कोंडाबाईच्या बोलण्यावर अख्ख्या जंगलाने विश्वास ठेवला.

"ज्यांना पटलं त्यांनी पाय वर करा," कारभारी म्हणाला.

भराभर पाय वर झाले. ससे, सांबरं, डुकरं. शेवटी एक बारीक पाय वर आला. रखमाचा. तिचं एक लक्ष पाडसाकडे होतं, आणि दुसरं कारभाऱ्याच्या हजेरीकडे. कोंडाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. चार शब्द सुनावायचे होते, पण सुनावले नाहीत.

शिक्षा झाली. कोंडाबाईला पलीकडच्या काठावर हाकलून दिलं, वाघाच्या राज्यात. वाघाने तिला काही विचारलं नाही. तिकडे निदान ऊन पडलं की सकाळ व्हायची.

अलीकडे हुकूम तसाच चालू राहिला. हुकूम कसा चुकेल? दर आठवड्याला एखादं चितळ शिस्तीत जात राहिलं. रखमाच्या पाडसाला मात्र उन्हाळाभर जुलाब होते. रोज जुलाब, रोज तासाची सवलत. आणि पाडस दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललं होतं. कारभाऱ्याला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. लिहिलेलं होतं ना.

पावसाळ्यात जागोजागी पाणी झालं, तेव्हा घड्याळाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. थंडी पडली, ओहोळ आटले, पुन्हा डोहावर पाळ्या लागल्या. आणि लांबमाने परत आला.

"आता घड्याळ तासभर मागे घ्या," तो म्हणाला. "तशी रीत आहे."

मोठा समारंभ झाला. साळिंदराने गुहा उघडली. गुहा रिकामी होती. राजा आत गेला, दोन्ही पुढच्या पायांत तास जपून धरून बाहेर आला. सगळ्यांना तास दिसला. दोघातिघांना तर तो चांगला जाडजूडही वाटला. कारभाऱ्याने काटा मागे फिरवला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता खडकावर ऊन पडलं. वाघ उठून गेला. चितळं पाणी पिऊन घरी आली, सगळीच्या सगळी.

जंगलात आनंदीआनंद झाला. वाघाचा बंदोबस्त केला म्हणून राजाला हार घातला, लांबमान्याला शाल दिली. कारभारी बोलायला उभा राहिला.

"बघा मंडळी! ती गेली, आणि सूर्य वेळेवर उगवायला लागला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकट्या रखमाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नदीपलीकडे बघत होती. तिच्या शेजारी तिचं पाडस उभं होतं, उंचीने तिच्या खांद्याला लागलेलं.

"आई, पलीकडे कोण ओरडतंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही रे," रखमा म्हणाली. "समोर बघ. राजा बोलतोय."

पलीकडून कोंडाबाई गळा फाडून सांगत होती की होळीनंतर हा डॉक्टर पुन्हा काटा पुढे करायला लावणार आहे.

तात्पर्य : घड्याळ चुकत नाही, हुकूम चुकत नाही, आणि वाघ तर मुळीच चुकत नाही. कुणी मेलंच, तर त्या दिवशी सूर्य उशिरा उगवला असं समजावं आणि दप्तर उघडून बघावं. सूर्याला पायांनी कुणी धरून ठेवलं होतं, ते तिथे कबुलीसकट लिहिलेलं आहे : कोंडाबाई टिटवी.