नानांचं पांढरं छप्पर

आमच्या वळ गावात बाळाराम नानांसमोर काळी वस्तू ठेवायची सोय नाही. मी स्कूटर उन्हात लावली, चहा पिऊन येतो तर सीटला चुना! पँटचं वाटोळं झालं ते झालंच, वर ऐकून घ्यावं लागलं, "काळं ऊन पितं, पांढरं हाकलतं. आता बूड न्हाय भाजनार तुजं!"

नानांनी जन्मभर कापडाचा लूम चालवला. पृथ्वी आता जास्त वेगाने तापतेय हे बातम्यांत ऐकलं, आणि तिला थंड करायचा ठेका यांनीच घेतला. "कोळसा, डिझेल जाळून आपन धुराची गोधडी जाड केली. वर उत्तर ध्रुवाकडचा पांढरा बर्फ वितळला, खालून काळं पानी निघालं. ते ऊन पितं, म्हनून अजून बर्फ जातो. मंग तापनं पळनार न्हाय तर काय? हाय का जवाब?"

आणि मग दिसेल त्या काळ्याला चुना!

मुलगा रमेश वडपे गावातल्या गोदामात सुपरवायझर, राहतो भिवंडीत. त्याने हौसेने बापाच्या घरावर गडद निळा पत्रा घातला. दुसऱ्याच दिवशी नाना चुना घेऊन वर!

"नवा पत्रा हाय, नाना!" रमेश ओरडला. "आयला घेऊन फ्लॅटवर चला, एसी हाय."

"एसी आतली गरमी भाईर फेकतो. भाईर कोनाची आय न्हाय?"

पत्र्याखाली नानांची बायको, हिराकाकू. अर्धांगवायूने अंग गेलं, वाचा गेली. गरमी त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण फ्लॅटचं नाव काढलं की काकू तोंड फिरवतात.

परवा छपरावर नानांनाच ऊन लागलं. परत चढायला नकोत म्हणून रमेश चिडून शिडीच घेऊन गेला. दुपारी मी बघायला गेलो, तर नाना खाटेवर, आणि काकू टक्क जाग्या, नजर छपराला.

"काकू झोपत का नाहीत?"

नाना भिंतीकडे वळले. "वर माजा कुंचा वाजला का तिला झोप लागते. मी हाय, असं कळतं तिला. चुना कवाच लावून झाला रं. हल्ली नुसतं पानीच घासतो."

गेला रमेश खड्ड्यात! मी आमची शिडी आणली, पाण्याची बादली घेऊन चढलो. भाजेल म्हणून भीत भीत पाय टेकला. नाही भाजला. मग घासत सुटलो.

थोड्या वेळाने नाना दार धरून बाहेर आले, तोंडावर बोट ठेवून. मी हात थांबवला.

"थांबू नको, येड्या," ते कुजबुजले. "आवाज बंद झाला का उठंल ती."