ओल्या केसांचा रविवार

केसांची निगा कशी राखावी हे आमच्या मुळगावात अधिकारवाणीने सांगणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. सोमनाथदादांचं टक्कल या कानापासून त्या कानापर्यंत आहे. डिचोलीच्या सलूनवाल्याशी त्यांचा संबंध दाढीपुरता. पण पावसाळी हवेत गावातल्या कुणा बाईचे केस फुलून आले, गुंता सुटेनासा झाला, की ती आधी दादांच्या पायरीशी येते आणि मग बाकीचे उपाय बघते.

मी बेळगावहून लग्न होऊन इथे आले त्याला पंधरा वर्षं झाली. दादांचं घर आमच्या कुंपणाला लागून. बेळगावात माझ्या केसांना थोडा बाक होता, माणसं कौतुकाने लहरी केस म्हणायची. गोव्याच्या दमट हवेत पहिल्या दोन महिन्यांतच त्या लहरींचं झुडूप झालं. एका सकाळी मी अंगणात उभी राहून केस पंच्याने खसाखसा पुसत होते, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "वयनी, तुमी केस पुसतास काय केसांवांगडा झगडतास?"

नवी नवरी मी. शेजारचा पुरुष माझ्या केसांवर बोलतो म्हणजे काय! तणतणत आत गेले आणि नवऱ्याला सांगितलं. पेपरातून मान वर न करता हे म्हणाले, "सोमनाथदादा सांगतो ना, मग ऐक. त्याला कळतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज, "घोवाचो जुनो बनियन घेवा. पंचो नको. दाबून पाणी काडूचां, घासूचां नाय." आठ दिवस मी अडून राहिले. नवव्या दिवशी यांचा एक बनियन गुपचूप पळवला. तेव्हापासून या घरात बनियन कधी पुरलेले नाहीत.

दादा मूळचे ट्रकवाले. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांचा टिपर खनिज वाहायचा. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, पिकअप घेतली. आता नारळ, काजू, लग्नाच्या खुर्च्या, जे मिळेल ते वाहतात. भाषा मात्र टिपरचीच राहिली. "लहरी केस म्हणजे घाट, वयनी. वळणार घाई केली की गाडी दरीत." केस वाळत असताना मी सहज बोटं फिरवली तर अंगणापलीकडून ओरडायचे, "चडणीर गिअर बदलू नको म्हणून कितीदा सांगलंय!" फणी फक्त ओल्या केसांना, तीही रुंद दातांची, आणि टोकांपासून वर चढत जायचं, हा त्यांच्याकडचा पहिला धडा. उकड्या तांदळाच्या पेजेवरचं निवळ ते जेवताना बाजूला काढतात, केसांसाठी. अळशी शिजवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळतात आणि तो बुळबुळीत रस बरणीत भरून ठेवतात. त्याला ते रेनकोट म्हणतात. "हवेतलां पाणी केसांत शिरता, म्हणून ते फुगतत. हेणां वाट बंद केली की झालां." मी विज्ञानाची पदवीधर, पण हे मला कॉलेजात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

हे सगळं ज्ञान त्यांनी एका डोक्यासाठी मिळवलं. त्यांच्या मुलीच्या, तन्वीच्या.

तन्वी सहा वर्षांची असताना तिची आई काविळीने गेली. आईचे केस दाट आणि लहरी, मुलीचे तस्सेच. दिवसकार्य आटोपल्यावर दादांची थोरली बहीण कमलआत्या लाटंबार्श्याहून आली ती पिशवीत कात्री घेऊनच. "चेडवाचे केस बारीक कर. आवय नाय, आता कोण बघतलो?" दादांनी कात्री तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "मी बघतंय."

बघणार कसे, हा प्रश्नच होता. या माणसाला चाकाचे नट आवळता यायचे, वेणी घालता येत नव्हती. पहिला महिनाभर तन्वीची वेणी ट्रकवरचा माल बांधावा तशी बांधलेली असायची. शाळेतल्या बाईंना ती सोडवायला मधली सुट्टी अपुरी पडे. मग कुणीतरी सांगितलं, नारळाच्या रसाने केस मऊ होतात. दादांनी स्वयंपाकघरात रसाचं भांडं पाहिलं आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोरीच्या डोक्यावर ओतलं. कमलआत्याने त्यात सोलं पिळून, लसूण ठेचून टाकून त्याची सोलकढी केली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तन्वी त्या दिवशी गुलाबी डोकं आणि लसणीचा घमघमाट घेऊन शाळेत गेली. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ती घरी येऊन रडली, आणि दादा तिच्यासमोर बसून रडले. हे मला आत्यानेच सांगितलं, आणि सांगताना तिचेही डोळे भरून आले.

त्यानंतर मात्र दादा शिकले. डिचोलीच्या बाजारात आबोलीच्या फाती म्हणजे गजरे विकणाऱ्या बायकांना विचारून, बेळगावच्या ट्रिपला गेल्यावर तिथल्या बायकांना विचारून. काही ठिकाणी मार खाता खाता वाचले, असं ते स्वतःच सांगतात. मी या गावात आले तोवर त्यांचा रविवार पक्का झाला होता. सकाळी तन्वी न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात येणार. दादा वरच्या पायरीवर, ती खालच्या. शेजारी पेजेचं निवळ, अळशीची बरणी, रुंद फणी. तासभर त्यांचं काम चाले. मधे कुणी आलं, अगदी पंच आला तरी दादा उठत नसत. "गाडी घाटात आसा, मागसून या." ही मुलगी दहावी झाली, कॉलेजात गेली, दोन वर्षं पुढच्या शिक्षणाला बेळगावात माझ्या माहेरी राहिली, तरी दर दुसऱ्या रविवारी ती या पायरीवर हजर असायची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसे आणि आपल्या बापाने आपल्या केसांना कधी हातही लावला नाही, हे आठवून जरा हेवा वाटे.

गेल्या वर्षी तन्वीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा केरीचा, सुयश, पेडण्याला वीज खात्यात. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. घर बघायला जाणं केवळ रीतीपुरतं, म्हणून आमच्या गाडीतून दादा, कमलआत्या, हे आणि मी असे गेलो. सुरूच्या झाडांमागे टुमदार घर, चार पावलांवर समुद्र, माणसं हसतमुख. चहा-पोहे झाले. सुयशचे वडील म्हणाले, "काय विचारूचां आसा तां मोकळेपणान विचारा." आत्याजवळ पगारापासून पोटमाळ्यापर्यंत प्रश्नांची यादी तयार होती. पण दादा आधी बोलले, "बांय खंय आसा?"

पाहुण्यांना विहिरीवर पाय धुवायचे असतील असं समजून सुयशची आई टॉवेल घेऊन धावली. दादांनी बादलीभर पाणी उपसलं. मग शर्टाच्या खिशातून साबणाचा तुकडा आणि झाकणाची बाटली काढली. बाटलीत पाणी भरलं, साबण टाकला आणि ती हलवत राहिले. आम्ही सगळे पडवीत उभे राहून बघत होतो. फेस काही येईना, पाण्यात नुसते पांढरे कण तरंगत होते. दादांनी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाले, "मचूळ."

परतताना पेडणं मागे पडलं. तेव्हा दादा म्हणाले, "जमूचां नाय."

"पाण्याखातीर सोयरीक मोडतंस?" आत्या गाडीतच उभी राहायची बाकी होती.

"थंय वारो खारो, पाणी मचूळ. वर्साभरात चेडवाच्या केसांचो काथो जातलो."

गाव हसलं. आमच्या यांना तर दुकानात, बसस्टॉपवर, जिथेतिथे विचारणा व्हायची, की साबणाचा निकाल काय लागला. पण तन्वीच्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं. तिने भांडण केलं नाही, रडारड केली नाही. रविवारी नेहमीसारखी न्हाऊन आली आणि खालच्या पायरीवर बसली. दादांनी केस विंचरले. तासभर दोघं एक शब्द बोलली नाहीत. मला ते बघवेना, मी खिडकी लावून घेतली.

दुपारी तन्वी माझ्याकडे आली. म्हणाली, "काकी, माका पंधराव्या वर्सापासून माझे केस करूक येतत."

मी विचारलं, "मग बेळगावला?"

"थंय कोण करतलां? मीच करी. तुमची आई म्हणायची, पोर केस बरे राखता."

हे आई मला फोनवर म्हणालीही होती, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. "अगं, पण तू घरी यायचीस तेव्हा केसांचं घरटं झालेलं असायचं!"

"चोर्ल्याच्या घाटात बशीची खिडकी उघडून डोकां भायर काढी." ती हसली, आणि हसता हसताच रडू लागली. "नीट केस घेऊन इलंय तर बाबा आयताराक काय करतले?"

मला राग आला. कुणाचा, ते आजही नीट सांगता येणार नाही. संध्याकाळी तशीच कुंपण ओलांडून गेले. दादा पायरीवर अळशी निवडत बसले होते. जे बोलायचं नव्हतं तेच मी बोलून बसले. म्हटलं, "दादा, पाण्याची सबब पुरे झाली. तिला दहा वर्षांपासून स्वतःचे केस स्वतः करता येतात. तुमच्यासाठी ती येत नसल्याचं सोंग करते. तिचं मन तरी मोडू नका."

त्यांनी अळशीतला खडा काढून बाजूला टाकला. "माका म्हायत आसा, वयनी."

"काय?"

"वाऱ्यान गुंतलेल्या केसांची गाठ वेगळी. हात लावलो की सुटता. रोज निगा राखलेले केस बोटाक कळतत." मग म्हणाले, "ती बोलाक नाय, मी बोलाक नाय. आयतार बरो जाय."

मी उठले, तेव्हा ते मागून म्हणाले, "पाणी मचूळच आसा हां. तां काय मी खोटां बोलाक नाय."

पुढच्या रविवारी मी खिडकी उघडीच ठेवली, लाज न बाळगता. तन्वी येऊन बसली. दादांनी फणी घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि तिच्या पुढे केली. "आज तू कर. मी बघतंय."

तन्वीने मागे वळून पाहिलं. मग फणी घेतली आणि टोकांपासून सुरुवात केली. निवळ, अळशी, मुठीत धरून हलकेच दाबणं, सगळं सगळं. दादा वरच्या पायरीवर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून. केस झाल्यावर त्यांनी एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. "मानेकडे रेनकोट कमी पडलो," म्हणाले, आणि आत जाऊन केरीला फोन लावला.

लग्न थाटात झालं. अट एकच होती, तन्वीच्या केसांना केरीचं पाणी लागता कामा नये. व्याह्यांनी ती हसून मान्य केली. आमच्याकडे लेकीच्या सासरी बापाने उठसूट जायचं नसतं, गेलं तर काही कारण लागतं. दादांजवळ ते होतं. दर शनिवारी ते आपल्या विहिरीच्या गोड्या पाण्याचे दोन कॅन पिकअपमध्ये चढवतात आणि तास-सव्वा तास गाडी हाकत केरीला जातात. कॅन उतरवतात, अर्धा कप चहा घेतात आणि परत येतात. केसांना हात लावत नाहीत. "नुसते बघून येतंय," म्हणतात. गावातली माणसं अजून हसतात, पण आता जाताना कुणी त्यांच्या गाडीत तन्वीसाठी फणस ठेवतं, कुणी काकडी.

परवा सुयश इकडे आला होता. सासऱ्यांची दगदग त्याला बघवत नाही. म्हणाला, "बाबा, विहिरीर बरोसो फिल्टर बसयतंय. मगे तुमका इतक्या लांब येवक नको." दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठामपणे सांगितलं, "फिल्टर मीठ काडता, पण मगे पाण्याक रुची ऱ्हवना." सुयश बिचारा मान डोलावून गेला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, पाणी केसांना लावायचंय, त्याला रुची कशाला हवी?"

दादा उद्यासाठी कॅन विसळत होते. तोंड वर न करता म्हणाले, "तां माका कळता, वयनी. पण फिल्टर बसवलो तर मी खंयच्या निमतान जावचां?"

मी घरात आले आणि सुयशला फोन करून सांगितलं, फिल्टरचं एवढ्यात राहू दे.