पहिला घोट इंजिनाला

दिवा लागला तेव्हा एलोय गाडीत बसून स्वतःचं कौतुक करत होता.

एल आल्तो शहरात त्याला गाड्यांचा वैद्य म्हणायचे. निदान तो स्वतः तरी म्हणायचा. जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि आमच्या बोलिव्हियाच्या रस्त्यांना ते डावीकडे लागतं. मग ते उचलून इकडून तिकडे बसवायचं, तारा कापायच्या, वाढवायच्या, पुन्हा जोडायच्या, हा त्याचा धंदा. गाड्या डावऱ्या करता करता अर्धं आयुष्य गाडीखाली उताणं पडून गेलं होतं. उरलेलं सीटवर बसून काढायचं, असं त्याने आणि त्याच्या पाठीने मिळून ठरवलं होतं. टॅक्सीच्या लायनीत एक जागा रिकामी झाली होती. लायनीच्या सेक्रेटरी प्रिमितीवाबाई रविवारी गाडी बघायला येणार होत्या. त्यासाठी एलोयने आपल्या हातांनी एक गाडी डावरी केली, धुतली, पुसली. आता गाडी तयार, एलोय तयार, आणि समोर काट्यांच्या मधोमध चेक इंजिनचा पिवळा दिवा.

“विझेल आपोआप,” तो म्हणाला.

“छप्पर गळायला लागलं तेव्हाही तू हेच म्हणालास,” दारातून बायको, नोएमी, म्हणाली. “थांबेल आपोआप.”

“थांबलं की नाही?”

“उन्हाळा लागल्यावर!”

एलोयने कोड वाचायचं यंत्र आणलं. ते नवं होतं. ते घेतल्यापासून तो गिऱ्हाइकांशी जरा नाकातून बोलायला लागला होता.

यंत्र म्हणालं: कॅमशाफ्टच्या सेन्सरकडून निरोप येत नाही.

सासू म्हणाली: धरणीमाय उपाशी आहे.

एलोय म्हणाला: सेन्सर बदलतो.

सासूबाईंचं म्हणणंही अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. नवी गाडी घरात आली की आमच्याकडे चाल्या करतात. गाडीला फुलं, रंगीत कागदाच्या माळा, आणि बॉनेट उघडून आत बिअर. धरणीमायला पाजल्याशिवाय आपण प्यायचं नाही. आदल्याच दिवशी एलोयने चाल्या केली होती.

“त्याला चाल्या म्हणतात?” सासूबाई, म्हणजे बासिलियाबाई, म्हणाल्या. “इंजिनाला एक बाटली दाखवली आणि बाकीच्या स्वतः ढोसल्यास. देवाला फसवतोस, मग दिवा लागणार नाही तर काय लागणार?”

“आई, हा विजेचा मामला आहे.”

“वीज कोणाची? तुझ्या बापाची?”

एलोयने सेन्सर बदलला. दिवा गेला! सकाळभर कडक ऊन पडलं होतं हे इथे सांगायला हवं, पण ते एलोयच्या लक्षात आलं नाही, म्हणून कथेतही ते एवढंच.

दिवा गेला म्हटल्यावर धरणीमायचे आभार नकोत का मानायला? बासिलियाबाईंनी स्वतःच्या हाताने इंजिनावर बाटली उपडी केली. फेस मधोमध उसळला आणि काचेच्या खालच्या फटीत शांतपणे उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एलोयने जरा जास्तच.

सासू म्हणाली: बघ, कशी प्यायली.

एलोय म्हणाला: सेन्सरच होता. मी बघताक्षणी ओळखलं होतं.

यंत्र दुसऱ्या दिवशी म्हणालं: ऑक्सिजनच्या सेन्सरचं काही खरं नाही.

आता इथे कुणीही शहाणा माणूस थांबून विचार करतो. एलोय दुसरा सेन्सर आणायला गेला.

वाटेत मेहुणा वेनान्सिओ भेटला. तो नोएमीचा भाऊ. लायनीतल्या त्याच जागेवर त्याचाही डोळा होता. त्याची गाडीही एलोयनेच डावरी केली होती, आणि तिच्यातही हाच दिवा कधीपासून जळत होता. वेनान्सिओने त्यावर कोपाकाबानाच्या मेरीमातेचं स्टिकर चिकटवलं होतं.

“दाजी, तुम्हीही चिकटवा की,” तो म्हणाला. “मागून उजेड येतो. काय सुंदर दिसते माता!”

“मी रोग झाकत नाही, बरा करतो.”

“बरं, बरं. करा बरा. रविवारी भेटू.”

“तुझी आई कुणाच्या बाजूने आहे रे?”

“दोघांच्याही नावाने ओततेय. म्हणते, धरणीमाय ठरवेल.”

दुसरा सेन्सर बसला. ऊन पडलं, दिवा गेला, चाल्या झाली. या वेळी शेजारीही आले, कारण तोवर आमच्या गल्लीत बातमी पसरली होती की एलोयकडे रोज बिअर असते. ज्याने त्याने इंजिनावर धार धरली. कुणी आत कागदाचे रंगीत तुकडे उधळले. एलोयने एक छोटं भाषणही केलं. त्यात ‘निदान’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

शनिवारी सकाळी यंत्र कॅमशाफ्ट म्हणालं, ऑक्सिजन म्हणालं, थ्रॉटल म्हणालं, आणि मग त्याच्या पडद्यावर मावेनात इतके कोड ते एकापाठोपाठ—

एलोयने यंत्र बंद केलं.

सासूने नुसतं बिअरच्या क्रेटकडे पाहिलं.

“मला काही येत नाही,” एलोय पायरीवर बसून म्हणाला. “इतकी वर्षं लोकांना उल्लू बनवलं. उद्या ती बाई येईल, दिवा बघेल आणि जागा वेनान्सिओला देईल. मी म्हातारा होईपर्यंत गाडीखालीच. मेल्यावर पुरायचीही गरज नाही, नुसती गाडी पुढे घ्या.”

“रडून झालं?” नोएमीने त्याच्या हातात मक्याच्या गरम आपीचा पेला दिला. “मला एक सांग. हे सगळे सेन्सर एकाच दिवशी मरायला काय लग्नाच्या बसमध्ये होते? सगळ्यांच्या तारा एकत्र येतात अशी जागा नाही का कुठे?”

तशी एक जागा होती. स्टिअरिंग डावीकडे गेलं की गाडीचा संगणकही हलवावा लागतो. त्याच्या तारा पुरत नाहीत, म्हणून काचेखालच्या फटीत त्यांना तुकडे जोडून वाढवतात. एलोयने हात घातला आणि तारांचा जुडगा बाहेर ओढला. तो चिकट होता. त्याला पावासारखा आंबूस वास येत होता. टेप उलगडली तर आत तांब्याला हिरवा गंज चढलेला आणि त्यावर गुलाबी कागदाचे तुकडे चिकटलेले.

“शी!” एलोय ओरडला. “हे काय जोडणं झालं? तारा नुसत्या पीळ देऊन गुंडाळल्यात! झाळकाम नाही, काही नाही! कुठल्या गाढवाने केलंय हे?”

नोएमीने रिकामा पेला उचलला.

“असल्यांचे हात तोडले पाहिजेत! याला इलेक्ट्रिशियन म्हणायचं? हा तर—”

“एलोय.”

“काय?”

“ही गाडी तूच डावरी केलीस.”

शेजारचा कुत्रा भुंकला. तोही एलोयला हसल्यासारखाच वाटला.

त्या दिवशी त्याने एकेक तार घासली, झाळली, तिला नळी चढवली आणि सगळा जुडगा उचलून ओलावा पोचणार नाही अशा ठिकाणी बांधला. काम करताना तो स्वतःला उद्देशून जे काही पुटपुटत होता ते छापण्यासारखं नाही. दिवा गेला. संध्याकाळी सासूबाई क्रेट घेऊन निघाल्या तेव्हा तो बॉनेटवर आडवा झाला.

“आई, आजपासून फक्त चाकांना!”

“धरणीमाय काय चाकात राहते?”

“ती जमिनीत राहते ना? मग चाकं तिच्या जास्त जवळ आहेत.”

बासिलियाबाईंनी क्रेट चाकांकडे नेला. त्यांनी एलोयचं ऐकलं, असं त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

रविवारी प्रिमितीवाबाई आल्या. त्यांच्यामागून लायनीचे ड्रायव्हर आले, आणि वेनान्सिओ आपली गाडी घेऊन आला. बाई आधी त्याच्या गाडीत डोकावल्या, स्टिकरला हात लावून नमस्कार केला आणि मग एलोयच्या गाडीत शिरल्या.

“तुझी माता कुठाय?”

“नाही, बाई.”

“मग काळी टेप लावलीस?” त्यांनी नखाने डॅशबोर्ड खरवडला. “टेपही नाही. म्हणजे बल्ब काढलास. लबाड!”

“चावी फिरवून बघा.”

बाईंनी चावी फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. बाईंनी पुन्हा चावी फिरवली, मग पुन्हा. खिडकीशी ड्रायव्हरांची डोकी गोळा झाली.

“विझतो हा?” एकाने हळूच विचारलं.

“आम्हाला वाटायचं, गाडी चालू आहे हे सांगायला तो लागतो,” दुसरा म्हणाला.

बाई खाली उतरल्या. त्यांनी टोपी सारखी केली.

“जागा वेनान्सिओला.”

“काय?” एलोयच्या घशातून भलताच आवाज निघाला. “पण माझा दिवा तर गेलाय!”

“म्हणून तर! अरे, स्टिअरिंग फिरवणारे मला पैशाला पासरी मिळतात. दिवा घालवणारा आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. तुला स्टिअरिंगमागे सडवू होय? उद्यापासून लायनीच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे.”

“पण बाई, माझी पाठ—”

“पाठीला काय झालं? दिवसभर झोपूनच तर असतोस!”

एलोयने नोएमीकडे पाहिलं. नोएमी आभाळाकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. आता निदान खरं तरी सांगून टाकावं, असं त्याला वाटलं.

“ऐका, माझी काही गरजच नाही,” तो सगळ्यांना म्हणाला. “इंजिनावर बिअर ओतू नका, बस्स. ती तारांच्या जोडात मुरते. आणि ते जोड... ते ज्याने केलेत तो गाढव आहे.”

“बिअर नको तर धरणीमायला काय देऊ, चहा?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

“विनयी आहे पोरगा,” प्रिमितीवाबाई म्हणाल्या.

लगेच वेनान्सिओच्या गाडीची चाल्या ठरली. पहिली बाटली मानाने एलोयच्या हातात आली. तो वाकला, पुढच्या चाकाजवळ बसला आणि थेंबही वर उडणार नाही अशा बेताने सगळी बाटली टायरवर रिकामी केली.

“अरे कंजुषा, इंजिन कोरडंच ठेवलंस की!” प्रिमितीवाबाई म्हणाल्या. बॉनेट उघडलं, बासिलियाबाईंनी क्रेट पुढे सरकवला, आणि एकामागून एक धारा बरोबर मधोमध पडल्या. फेस उसळला. टाळ्या वाजल्या. वेनान्सिओ आनंदाने गाडी सुरू करायला आत बसला.

ती सुरू होण्याची वाट न बघता एलोय घरात गेला आणि गाडीखाली अंथरायची चटई घेऊन आला.