चप्पल हातात घेण्याचा अधिकृत अर्थ

गाणं लिहिणाऱ्याला स्वतःचं गाणं कळत नाही, ही गोष्ट आता सर्वत्र मान्य झालेली आहे. कळलं असतं तर त्याने ते लिहिलंच नसतं, सरळ सांगून टाकलं असतं. ही उणीव भरून काढण्यासाठी आमचं गीतार्थ निर्णय मंडळ आहे. मी त्याचा सचिव. (मानधन नाही. चहा आहे, तोही गार.) मंडळाने अर्थ लावलेल्या गाण्यांपैकी नव्वद टक्के गाणी नंतर कोणी ऐकलेली नाहीत, इतका तो अर्थ पक्का बसतो.

मध्यंतरी एका फार मोठ्या गायकाचं नवं गाणं आलं. आशय असा: नाव झालं, आता पुरे. मित्रा, वरच्या खोलीचं दार उघडं ठेव, मी चप्पल हातात घेऊन जिना चढतोय. रविवारी येतो, फुकट गातो, आपलं तसंच ठरलं होतं.

मंडळाने काम हाती घेतलं. खोली म्हणजे अंतर्मन, हे चहाच्या आधीच ठरलं. चप्पल म्हणजे कीर्ती. (डावी की उजवी, यावर उपसमिती बसली आहे. अजून उठलेली नाही.) रविवार म्हणजे कधीही न उगवणारा दिवस. आणि फुकट म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही ते. सबब तिकीट वाढवायला हरकत नाही. हा शेवटचा अर्थ कार्यक्रमाच्या आयोजकांना फारच भावला.

एवढं सगळं सुरळीत झाल्यावर गायक स्वतः आला, सोबत त्याची थोरली बहीण. नियमात बसत नव्हतं, तरी आम्ही त्याला तीन मिनिटं दिली.

"अहो, खोली म्हणजे खोलीच," तो म्हणाला. "पंखे दुरुस्तीच्या दुकानावरची. मी आणि तो दुकानदार तिथेच गायला लागलो. गाणं विकायचं नाही, अशी शपथ घेतली होती दोघांनी. मी विकलं. तो पंखे दुरुस्त करत बसला, पण विकलं नाही. मला परत जायचंय हो."

"आणि चप्पल?" अध्यक्षांनी विचारलं.

"खाली दुकानामागे घरमालकीणबाई झोपलेल्या असायच्या. दुपारच्या."

इतक्या मोठ्या माणसाने इतका उथळ अर्थ काढावा, याचं मला मनापासून वाईट वाटलं. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "तुम्ही आपले गात राहा. अर्थाचं टेन्शन घेऊ नका. आम्ही आहोत ना."

"डोक्यावर पडलात की काय सगळे?" बहीण उसळली. "तो सरळ बोलतोय, ऐका की! रविवारी या सगळे. दहा माणसं आली तरी तो राहील तिथे. नाही आली, तर ते आयोजक त्याला पुन्हा ओढून नेतील. मग माझा भाऊ काही हाती लागायचा नाही."

मतदान झालं. गायकाचा अर्थ एकमताने फेटाळण्यात आला. (बहिणीला मताधिकार नव्हता.)

रविवारी मित्राने दुकान बंद ठेवलं, खोली झाडली, शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणल्या. गायक चप्पल हातात घेऊन जिना चढला. घरमालकीणबाई जाऊन कैक वर्षं झालीत, पण सवय. त्याच वेळी आमचा परिसंवाद होता: 'खोली: एक अंतर्यात्रा'. सभागृह खचाखच, लोक भिंतीला टेकून उभे. मी खोलीवर जाणारच होतो, पण सूत्रसंचालन माझ्याकडे.

खोलीत गायला दोघं आणि ऐकायला बहीण. संध्याकाळी आयोजकांची गाडी जिन्याखाली येऊन थांबली. गायक खाली उतरला, चप्पल पायात घातली आणि गाडीत बसला. बहीण म्हणे भर रस्त्यात रडत उभी होती. रविवारचा आमचा अर्थ अशा रीतीने सिद्ध झाला.

तो मित्र अजूनही दर रविवारी खोलीचं दार उघडं ठेवतो. मंडळाचा त्याला आक्षेप नाही. आक्षेप घ्यावा इतकं तिथे कोणी जातही नाही.

आता तुमचं. हे वाचताना तुम्ही एक-दोनदा हसलात, आणि खोली म्हणजे लेखकाला नक्की काय सुचवायचंय, यावर विचारही करू लागलात. ती आहे कुठे, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत. मंडळाच्या सदस्यत्वाला एवढी पात्रता पुरते. तुमचं नाव आम्ही घातलं आहे.