नानाकाकांचा ओळंबा

नानाकाका मंगळवारी गेले. बुधवारी मी त्यांच्या कोटाच्या खिशातून ओळंबा काढला.

गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का पाहतो, तो ओळंबा. काका तो तसबिरींसाठी बाळगत. इंदूरच्या राजवाड्यातल्या तसबिरी सांभाळायची त्यांची नोकरी होती. संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, नोकरी गेली, सवय राहिली. कुणाकडे गेले की पोह्यांची बशी यायच्या आत खुर्चीवर चढून यजमानांच्या दिवंगत वडिलांना सरळ करत. ‘‘जिंदगीभर ताठ राहिले बिचारे, और तुम्ही आता झुकवलं, भिया?’’ मी दारात उभी राहून पाहायचं आणि तसबीर सरळ झाली की ‘बस’ म्हणायचं. आईवडिलांमागे काकांनीच मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच.

मला कलेचा इतिहास शिकायचा होता. त्यासाठी परगावी जायला हवं होतं. काका म्हणाले, ‘‘जा ना. पण कॉलेज मी पसंत करणार.’’

पहिल्या कॉलेजात प्रिन्सिपल अभ्यासक्रम सांगत होते. काकांचं लक्ष त्यांच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे. ‘‘साब, जरा सरका.’’ खुर्चीवर चढले, ओळंबा सोडला. ‘‘संस्थापक दोन सूत डावीकडे. चल बेटा.’’

दुसरीकडे भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. सरळ होतं, पण गेल्या वर्षीचं. ‘‘इथे इतिहास जरा जास्तीच शिकवतात,’’ काका म्हणाले.

तिसऱ्या कॉलेजात पोचलो तो प्रवेशाचा शेवटचा दिवस. व्हरांड्यात ओळीनं तसबिरी. काकांनी एकेकीपुढे ओळंबा धरला. सगळ्या सरळ. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी पाणी पिऊन आले, तर काका शेवटच्या तसबिरीचा कोपरा बोटानं ढकलत होते.

‘‘बघ, वाकडी.’’

‘‘काका, ओळंबा तर खिशात आहे.’’

ते बाकावर बसले. बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, ‘‘लावणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, बेटा. लांबून ‘बस’ म्हणायला कुणी लागतं.’’

ते उठले. तसबिरीला हात लावून, पाठ माझ्याकडे करून उभे राहिले. मी चार पावलं मागे गेले.

‘‘बस,’’ मी म्हणाले.

‘‘जा, फीस भरून ये.’’

तेराव्यानंतर बैठकीत काकांची तसबीर लावली. ओळंबा सोडून पाहिला. खुर्चीवर मी आहे. दारात कुणी नाही.